सावित्रीचा मासा आणि कातकऱ्यांचा हक्क

दरवर्षी जूनच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांच्या मासेमारीवर बंदी येते आणि ती जुलैअखेरपर्यंत चालते. हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा समुद्राला उसंत मिळाली पाहिजे, असे शासन सांगते व ते बरोबरच आहे. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होडीला मात्र या बंदीतून सूट आहे, कारण वल्ह्याच्या होडीने समुद्र रिता होत नाही हे शासनालाही मान्य आहे. म्हणजे दोन तत्त्वे येथे मान्य झाली. माशाला वाढू देण्याचा काळ पाळला पाहिजे, हे एक. आणि पोटापुरते धरणारा व नफ्यासाठी ओरबाडणारा यांना एकाच मापाने मोजता कामा नये, हे दुसरे. परंतु ही दोन्ही तत्त्वे बाणकोटच्या खाडीच्या मुखाशीच थबकतात. तेथून वर दासगाव, महाड आणि पोलादपूरपर्यंत, थेट महाबळेश्वरच्या उगमापर्यंत, सावित्री व तिला मिळणाऱ्या काळ, गांधारी आदी नद्यांच्या खोऱ्यांत मासा आहे, तो धरून जगणारी माणसे आहेत. परंतु त्या माणसांचा हक्क काय आणि नदीच्या कारभारात त्यांचा शब्द किती, हा प्रश्न शासनाने अद्याप स्वतःला विचारलेलाच नाही.

मृगाचा पाऊस कोसळू लागला की ओढे वाहते होतात, भातखाचरे भरतात आणि उन्हाळाभर खोल डोहांत तग धरून राहिलेला मासा प्रवाहाच्या उलट वर चढू लागतो. याला चढण म्हणतात. नेमका हाच काळ कातकऱ्यांच्या घरी परतण्याचा असतो. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडाशी वाडीवर येतात, तेव्हा उचल फिटलेली असतेच असे नाही आणि घरात धान्य तर बहुधा नसतेच. लावणीची मजुरी काही दिवसांची. तिच्या आधीचे आणि नंतरचे दिवस निघतात ते रानभाजीवर, मुठ्यांवर आणि ओढ्याच्या माशावर. मरळ, वाम, शिवडा, मळ्या ही नावे बाजाराच्या पाटीवर क्वचितच दिसतात. वाडीवर मात्र आषाढातल्या मुलांच्या ताटात भाताशेजारी काही पडते ते यांच्याच जोरावर. मत्स्योत्पादनाचे आकडे बाजारात आलेल्या माशाचे असतात. जो मासा बाईच्या टोपलीतून थेट चुलीवर जातो, त्याची नोंद कोण करणार? आणि ज्याची नोंद नाही तो धंदा नव्हे, जो धंदा नव्हे त्याचा हक्क नव्हे, असे सरकारी तर्कशास्त्र आहे.

या तर्कशास्त्राचा अनुभव कातकऱ्यांना नवा नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते काथोडी, हे त्यांचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडलेले. इंग्रजी अमदानीत जंगल सरकारजमा झाले, खैरावर निर्बंध आले आणि एका संबंध जमातीचा धंदा हळूहळू नाहीसा झाला. कोणी त्यांना विचारले नाही, भरपाई दिली नाही. धंदा गेला, जमीन मुळातच नव्हती, तेव्हा उरली ती सावकाराची आणि भट्टीमालकाची वेठ. पुढे स्वतंत्र भारताच्या शासनाने महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत केली. २०२३ मध्ये अशा गटांसाठी 'पीएम-जनमन' ही मोठी केंद्रीय योजनाही सुरू झाली. तिच्यात घर, रस्ता, नळ, वीज, मोबाईलचा मनोरा यांचा विचार आहे आणि ते सारे हवेच आहे. परंतु ज्या ओढ्यावर वाडी जगते त्या ओढ्यावर वाडीचा काही अधिकार असावा, हा विचार योजना आखणाऱ्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

कातकऱ्यांची मासेमारी म्हणजे निव्वळ ओरबाडणे, तिला व्यवस्थापन कसले, असा आक्षेप सुशिक्षितांच्या बैठकीत ऐकू येतो. तो घेणाऱ्यांनी साधनांकडे पाहावे. गळ, पाग, बांबूच्या कामट्यांचा सापळा, टोपली आणि नुसते हात, यांतील प्रत्येक साधनाला त्याची मर्यादा आहे. पुराच्या पाण्यात पाग चालत नाही. सापळा विशिष्ट ओढ्याच्या विशिष्ट वळणावरच लागतो. उथळ झालेला ओहोळ बांध घालून उपसता येतो, परंतु खोल डोह उपसता येत नाही आणि उन्हाळ्यात माशाचे बियाणे उरते ते त्या डोहातच. कोणत्या पावसाला कोणता मासा हलतो, पाण्याचा रंग पालटला की काय समजावे, कोणत्या दगडाखाली वाम बसते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ते बव्हंशी स्त्रियांकडे आहे, आणि त्याची एक ओळही कोणत्या खात्याच्या दप्तरात नाही. खात्याला मत्स्यव्यवस्थापन म्हणजे तलावात रोहू-कटल्याचे बीज सोडणे आणि तलाव ठेक्याने देणे एवढेच ठाऊक आहे. वाहती नदी ठेक्याने देता येत नाही, म्हणून ती त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही!

पाणी राखण्याची शिस्त लोकांत असते, याचा पुरावा महाड तालुक्यातच काळ नदीच्या पात्रात उभा आहे. वाळण कोंड येथील डोहातील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी धरत नाही; उलट भाविक येऊन त्यांना खाद्य टाकतात आणि हातभर लांबीचे मासे झुंडीने वर येतात. तेथे ना पहारेकरी आहे ना दंडाची पाटी. देवीच्या कोपाची भीती हा समाजवादी विचाराचा आधार होऊ शकत नाही, हे खरे. परंतु त्या श्रद्धेच्या आवरणाखाली असलेला व्यवहार ओळखण्यास काय हरकत आहे? नदीच्या एका खोल डोहात मोठा, वीण देणारा मासा अभय पावला की खालवरच्या पात्राला बीज मिळते. हेच आज मत्स्यशास्त्रज्ञ राखीव क्षेत्राच्या नावाने सांगतात. भक्तीतून जे साधले ते ग्रामसभेच्या ठरावातून साधता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

मात्र आदिवासी करतो ते सर्व निसर्गाला पूरकच, असे समजण्याचे भाबडेपण कार्यकर्त्यांनी टाळले पाहिजे. गेळाचे फळ ठेचून पाण्यात टाकायचे व गुंगलेला मासा वेचायचा, ही रीत जुनी आहे. तिने मोठ्या माशाबरोबर पिल्लेही जातात. चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतो आणि तोच सर्वांत सहज सापडतो. तो कातकरीच धरतात असे नाही. कुणबी धरतो, शहरातून गाडी घेऊन आलेला हौशीही धरतो. अलीकडे तर कोकणातल्या ओढ्यांत ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक, जिलेटिनच्या कांड्या आणि विजेचा प्रवाह अशी साधने शिरली आहेत. गेळाच्या फळाने डोहातला मासा गुंगतो. ब्लीचिंग पावडरीने खेकडा, किडा, शेवाळ सारेच मरते आणि खालच्या वाडीचे पिण्याचे पाणीही नासते. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरविले, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरीही हा प्रकार थांबत नाही, कारण आडरानातील ओढ्यावर शिपाई उभा करता येत नाही. तेथे रात्रंदिवस असते ती वाडी. परंतु वाडीला जर त्या ओढ्यावर अधिकारच नसेल, तर बाहेरून पावडरीचा डबा घेऊन आलेल्या माणसाला ती कोणत्या तोंडाने अडवणार? आणि उद्या तो अगोदर पोहोचेल या धास्तीने आजच सारे उपसून घ्यावे, असे तिच्याच तरुणांना वाटले तर नवल काय? हक्काशिवाय राखण होत नाही. आधी राखा, मग हक्काचे पाहू, असे म्हणणारे नदी राखण्याची एकमेव शक्यताच नाकारतात.

वाडीच्या हातून मरणारा मासा आणि कारखान्याच्या हातून मरणारा मासा यांची तुलनाही एकदा झाली पाहिजे. पोलादपूर तालुक्यात सावित्रीवर रानबाजिरे धरण आहे. त्याचे पाणी महाडच्या औद्योगिक वसाहतीला जाते. या वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा भरणा आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे सामुदायिक केंद्र आहे, ते पाणी नळाने खाडीकडे सोडण्याची व्यवस्था आहे, नियंत्रण मंडळ आहे, नोटिसा आहेत. आणि तरीही सावित्रीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या गेल्या कित्येक वर्षांत वारंवार आल्या आहेत. वरून स्वच्छ पाणी घ्यायचे आणि खाली दूषित सोडायचे, असा हा सौदा आहे. त्याची किंमत प्रथम मोजली ती नदीवर व खाडीवर जगणाऱ्या भोई आणि इतर मासेमारांनी. महाडच्या भोई घाटापाशी आज मासेमारांपेक्षा मगरींचीच चर्चा अधिक होते. मगरीला वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे, ते योग्यच आहे. त्याच पाण्यावर जगणाऱ्या माणसाला मात्र कोणत्याही परिशिष्टात जागा नाही.

पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाडला नवा नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला, त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, आणि तो कागदी हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. त्यानंतर खटला चालला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि रूढी आहे, असा सवर्णांचा दावा होता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अशी अनादि रूढी सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. येथे एक शंका कोणी उपस्थित करील. रूढीचा दावा तेथे त्याज्य, मग कातकऱ्यांच्या बाबतीत परंपरेचाच दावा कसा ग्राह्य? उत्तर सरळ आहे. चवदार तळ्यावरची रूढी दुसऱ्याला पाण्यापासून दूर ठेवण्याची होती, वाडीची परंपरा पाण्यावर जगण्याची आहे. जी परंपरा माणसाला वगळते ती मोडायची, जी निर्धनाचे पोट भरते ती कायद्याने पक्की करायची. परंपरा म्हणून कोणतीही गोष्ट पवित्र नसते. उद्या एखाद्या वाडीने परंपरेच्या नावावर शेजारच्या बौद्धवाडीला ओढ्यावर येण्यास मनाई केली, तर तिलाही विरोधच करावा लागेल.

जगात इतरत्र हा वाद न्यायालयांच्या उंबरठ्यावर पोहोचून बराच पुढे गेला आहे. कॅनडातील मस्क्वीम जमातीच्या रोनाल्ड स्पॅरो यांच्यावर, परवान्यातील मर्यादेपेक्षा लांब जाळे वापरले म्हणून १९८४ मध्ये खटला भरण्यात आला. १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माशांच्या रक्षणाची गरज भागल्यानंतर पहिला हक्क मूळनिवासींच्या अन्नासाठीच्या मासेमारीचा. धंदेवाईक व हौशी मासेमार त्यांच्या मागून. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात न्यायमूर्ती बोल्ट यांनी १९७४ मध्ये, एकोणिसाव्या शतकातील तहांच्या आधारे, धरता येण्याजोग्या सामन माशांपैकी निम्मा वाटा तहकर्त्या जमातींचा ठरविला. त्याहून महत्त्वाचे पुढेच घडले. त्या जमातींनी आपले मत्स्यशास्त्रज्ञ नेमले, आणि यंदा किती मासा धरायचा, किती सोडायचा, हे राज्याच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून ठरविण्याचा अधिकार त्यांना मिळाला. ऑस्ट्रेलियात ब्रेवारिना येथे बारवन नदीच्या पात्रात दगडी भिंतींचे प्राचीन मत्स्यसापळे आजही आहेत. त्यांतील निरनिराळ्या भागांची जबाबदारी निरनिराळ्या कुळांकडे असे. त्या देशांतील गोऱ्यांच्या राजवटींनी मूळनिवासींवर केलेले अत्याचार विसरण्याचे कारण नाही. तरी ज्या देशांनी ही माणसे संपविण्याचे प्रयत्न केले, त्यांच्याही न्यायालयांना अखेर जे कबूल करावे लागले, ते समाजवादी म्हणविणाऱ्या प्रजासत्ताकाला कबूल करण्यास कोणती अडचण आहे?

परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. मध्य प्रदेशातील तवा धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी किसान आदिवासी संघटनेच्या झेंड्याखाली, समाजवादी कार्यकर्ते सुनील यांच्यासारख्यांच्या साथीने लढा दिला आणि १९९६ मध्ये त्या जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला. त्यांच्या सहकारी संस्थांच्या तवा मत्स्य संघाने ठेकेदाराविना धंदा चालवून दाखविला. मासे धरणाऱ्याला मिळणारा दर वाढला, बीज सोडण्याचे काम नियमाने झाले, आणि पावसाळ्यातील बंदी त्यांची त्यांनीच पाळली व चोरट्या मासेमारीवर गस्तही घातली. २००१ मध्ये मुदत वाढवून मिळाली. पुढे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे आले आणि २००६ नंतर तो हक्क राहिला नाही. लोक कारभार करू शकत नाहीत म्हणून हा प्रयोग थांबला नाही. करार शासनाच्या मर्जीचा होता, मुदतीचा होता, म्हणून तो थांबविता आला. तवाचा धडा हाच की, हक्क मर्जीवर नव्हे, कायद्यावर उभा पाहिजे.

असा कायदा आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे व जलाशयांतील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. त्याच कलमात सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे आणि कलम ५ ने पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. मासा धरण्याचा हक्क आणि नदी राखण्याचे काम, दोन्ही एकाच कायद्यात एकत्र आहेत. असे असता वनहक्काची चर्चा वैयक्तिक प्लॉटच्या गुंठ्यांपुरतीच का राहावी? याचा काही दोष कार्यकर्त्यांकडेही येतो. जमीन मोजता येते, तिचा सातबारा दाखविता येतो; ओढ्याच्या हक्काचे दावे करण्यास चिकाटी लागते आणि सभेत टाळ्याही पडत नाहीत.

अडचणीही डोळ्यांआड करू नयेत. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही. त्यामुळे लहान जलाशयांचा कारभार पंचायतींकडे सोपविणारा १९९६ चा पेसा कायदा महाड-पोलादपूरच्या कातकऱ्यांना लागू नाही. पालघरच्या कातकऱ्याला जे मिळते ते येथल्याला नाही. येथे वाडी ही बहुधा मोठ्या ग्रामपंचायतीचे शेपूट, आणि ग्रामसभेत तिची माणसे दाराशी बसतात. शिवाय वनहक्क कायदा वनजमिनीपुरता आहे. वरच्या अंगाचे ओढे व डोह त्यात येतील, कारखान्यांखालची सावित्री येणार नाही. तिच्यासाठी भोई आणि खाडीकाठच्या मासेमारांबरोबर प्रदूषणाविरुद्धचा लढा वेगळाच लढावा लागेल.

तरी वरच्या अंगापुरते काम आताच करता येण्याजोगे आहे. सामूहिक हक्काच्या दाव्याच्या नमुन्यात मासे व जलाशय यांसाठी रकाना आहे, तो रिकामा सोडू नये. प्रत्येक वाडीने आपण धरतो ते ओढे व डोह नावानिशी लिहून काढावेत. लेखी दाखला नसला तरी चालतो. दावेदारांखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून नियमांत मान्य आहेत, आणि हे जबाब स्त्रियांचे आवर्जून घ्यावेत, कारण ओढा त्यांना अधिक ठाऊक आहे. त्याच ठरावात वाडीने स्वतःवर घालून घ्यायची बंधनेही नोंदवावीत: पावडर व कांड्या बंद, एखादा डोह संपूर्ण राखीव, चढणीच्या काळात काही ओढे मोकळे. कोणता डोह, कोणते ओढे, हे वाडी ठरवील. बाहेरच्याने सांगू नये.

वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या दिवशी वाडीवर म्हातारी माणसे आणि कुलपे असतात. १ मे रोजीही पुष्कळ कुटुंबे भट्टीवरच असतात. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे वनहक्काच्या दाव्यावर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असावे लागतात, आणि वनहक्क समितीत दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे असावे लागतात. तेव्हा जबाब आणि डोहांच्या याद्या जून-जुलैत, लोक वाडीवर असताना तयार व्हाव्यात आणि ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडला जावा. तेथे जमले नाही तर २ ऑक्टोबर आहे. त्यानंतर भट्टीवाल्यांचे टेम्पो येऊ लागतात.